जुना प्रोसेसर कूलरला चिकटून वर येऊ नये म्हणून

तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर एएमडीचा रायझन ५ २६०० आणि त्याच्याच खोक्यातून आलेला कूलर. पाच-सहा वर्षांत कूलर एकदाही काढलेला नाही. आता रायझन ७ ५७००एक्स हातात आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच प्रोसेसर स्वतः बदलायचा आहे. थर्मल पेस्ट (प्रोसेसर नि कूलरच्या मधला मलम) किती लावायची, ठिपका द्यायचा की पसरवायची, जुनाच कूलर चालेल का, स्क्रू किती आवळायचे, आणि शेवटी दबक्या आवाजात विचारलेलं: पिना वाकल्या तर?

पेस्टचा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्यात बिघडण्यासारखं सगळ्यात कमी असतं. तुमचा शेवटचा प्रश्न मात्र बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. संगणक जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम मी सतरा-अठरा वर्षं करतोय. नवा प्रोसेसर बसवताना झालेलं नुकसान मी फार कमी पाहिलंय. जुना काढताना झालेलं मात्र भरपूर. आणि त्याहून जास्त घोळ कॅबिनेट उघडण्याआधीच झालेले असतात, म्हणजे जे करायला हवं होतं ते केलेलंच नसतं. म्हणून उत्तर त्याच क्रमाने देतो.

आधी बायोस, मग स्क्रू ड्रायव्हर

तुमचा बोर्ड निघाला तेव्हा ५७००एक्स अस्तित्वातच नव्हता. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला, संगणक चालू होताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, आणि जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखता येणार नाही. नवा बसवला, बटण दाबलं, पंखे फिरले, पण पडदा काळाच, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रोसेसर धडधाकट असतो. बायोस जुना असतो, एवढंच. मग पुन्हा सगळं खोलायचं, पेस्ट पुसायची, जुना प्रोसेसर लावायचा, बायोस बदलायचा आणि परत पहिल्यापासून. म्हणजे जे जोखमीचं काम एकदा करायचं होतं ते तीनदा.

तेव्हा जुना प्रोसेसर जागेवर असताना, संगणक व्यवस्थित चालत असताना, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी बघा. मॉडेलच्या नावापुढचं रिव्हिजनसुद्धा जुळवा. ५७००एक्सच्या ओळीत बायोसची किमान आवृत्ती दिलेली असेल. तीच किंवा तिच्या पुढची स्थिर आवृत्ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि बायोसमधूनच अपडेट करा. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. यूपीएस नसेल तर तो या कामासाठी मागून आणण्याच्या लायकीचा आहे. अपडेटच्या सोबतची सूचनाही वाचा. तुमच्या बोर्डावरचं एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसरची बैठक, इतकी वर्षं चाललं आणि त्यावर इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर आले, की ज्या बोर्डांवर बायोसची चिप १६ मेगाबाइटची होती तिथे नव्यांना जागा करून देण्यासाठी काही जुन्यांना बाहेर काढावं लागलं. मधली एखादी आवृत्ती आधी टाका असंही कधी कधी लिहिलेलं असतं.

बायोस बदलला की आधीच्या सेटिंग पुसल्या जातात. म्हणून आधी मोबाइलवर त्या पानांचे फोटो काढून ठेवा: रॅमचा एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग), बूटचा क्रम, पंख्यांची सेटिंग.

आता ज्याच्याबद्दल कुणी सांगत नाही ती गोष्ट. तुमच्याकडे विंडोज ११ असेल तर बहुधा एफटीपीएम चालू आहे. ही एक सुरक्षित तिजोरी, आणि तिची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली. प्रोसेसर बदलला की पहिल्याच बूटला काळ्या पडद्यावर इंग्रजीत संदेश येतो: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम पुसू का? हो म्हणायला वाय, नको म्हणायला एन. घाबरलेला माणूस वाय दाबतो. ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू असेल तर त्यानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर ड्राइव्हवरचा एक फोटोही परत मिळत नाही. कितीतरी जणांना आपल्या संगणकावर बिटलॉकर चालू आहे याचाच पत्ता नसतो, कारण हल्ली तो विंडोज बसवतानाच आपोआप चालू झालेला असू शकतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये ड्राइव्हचं एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी की कागदावर उतरवा किंवा दुसऱ्या उपकरणात ठेवा, आणि मग बिटलॉकर तात्पुरता थांबवा. त्यासाठी तिथे सस्पेंड असा पर्याय असतो. बायोस अपडेट करण्याआधीही हेच करायचं. विंडोजमध्ये शिरायला आकडी पिन वापरत असाल तर खात्याचा खरा पासवर्ड आठवतोय ना हेही पाहून ठेवा, कारण पिनही त्या तिजोरीतच असतो आणि प्रोसेसर बदलल्यावर चालेनासा होतो. एवढी तयारी झाली असेल तर त्या संदेशाला बिनधास्त वाय म्हणा. नसेल तर एन दाबा. जुन्या नोंदी तशाच राहतात आणि जुना प्रोसेसर परत लावून मागे जाता येतं.

कूलर कुठला

हे थोडंफार तुमच्या वापरावर आहे. कागदावर दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचे, मग जुना कूलर का नाही चालणार, असं तुम्ही विचारलंय. तर्क रास्त आहे, पण अपुरा. २६०० ची चिप सुमारे २१३ चौरस मिलिमीटरची आहे. ५७००एक्समध्ये आठही कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) ज्या तुकड्यावर आहेत तो जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणाच्या बरोबर मधोमध नाही, एका बाजूला. म्हणजे जवळपास तेवढीच आग, पण चूल निम्म्याहून लहान. उष्णता कूलरपर्यंत पोचण्याआधी त्या चिमुकल्या जागेतून बाहेर पडायला हवी, त्यामुळे तेवढ्याच वॅटला नवा प्रोसेसर जास्त तापलेला दिसतो. यात बिघाड काही नाही.

५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही. तुमचा जुना, बहुधा रेथ स्टेल्थ नावाचा बुटका गोल कूलर, यावर चालतो. कार्यालयीन कामं, ब्राउझर, हलकेफुलके खेळ यांना चालूनही जाईल. पण व्हिडिओ रेंडर किंवा तासन्‌तास सगळे कोअर राबवणारं काम असेल तर पंखा सतत ओरडेल आणि प्रोसेसर ९० अंश सेल्सिअसच्या मर्यादेला टेकून स्वतःचा वेग कमी करत राहील. चार हीट पाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा), १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरेसा आहे. पाण्याच्या कूलरची या प्रोसेसरला काही गरज नाही. लोक मला यावरून चिडवतात, पण माझं मत बदललेलं नाही.

घेण्याआधी कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची बघा आणि रॅमच्या पट्ट्या उंच असतील तर पंखा त्यांना टेकणार नाही ना ते पाहा. आणि आणखी एक, हे फार जणांना शेवटच्या क्षणी कळतं. स्टेल्थ कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी थेट बोर्डामागच्या पट्टीत बसतो. तो लावताना बोर्डावरचे दोन प्लॅस्टिकचे ब्रॅकेट काढून टाकावे लागतात. पण आकड्याने (हुकने) अडकणारे बरेच टॉवर कूलर त्याच ब्रॅकेटवर बसतात. ज्याने संगणक जोडला त्याने ते मदरबोर्डच्या खोक्यात टाकले असतील. आत्ताच जाऊन ते खोकं शोधा. नाही सापडलं तर ज्याच्यासोबत स्वतःचे ब्रॅकेट येतात असाच कूलर घ्या.

जुना काढणं

आता मूळ मुद्दा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१, केसासारख्या बारीक नाहीत पण सोन्याच्या मुलाम्याच्या मऊ काड्याच त्या. सॉकेटच्या बाजूचा खटका खाली केला की सॉकेट त्या पिनांना आतून चिमटीत धरतं. बस, एवढीच पकड. वरून दाबून धरणारी चौकट नाही. दुसऱ्या बाजूला पाच वर्षं तापून-निवून वाळलेली पेस्ट आहे, आणि ती कूलर नि प्रोसेसरला डिंकासारखी जोडून ठेवते. तुम्ही कूलर सरळ वर ओढलात तर ओढाताणीत पेस्ट जिंकते. खटका बंद असतानाच प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला लटकत बाहेर येतो. आधी खटका उघडावा म्हटलं तर तो कूलरच्या खाली दबलेला, बोट जात नाही.

हे माझ्या हातून झालंय. सुरुवातीच्या दिवसांत, एका गिऱ्हाइकाच्या यंत्रावर, घाईत. खट्ट असा आवाज आला आणि कूलर हलका होऊन हातात आला. उलटा करून पाहिला तर पोटाला चिकटलेला प्रोसेसर, आणि एका कोपऱ्यातल्या दोन पिना शेजारणीवर रेललेल्या. पुढे त्या सरळ झाल्या आणि यंत्र चाललंही, पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी असं करतो. आधी संगणक चालू करून दहा-पंधरा मिनिटं त्याला राबवतो, म्हणजे प्रोसेसर चांगला तापतो आणि पेस्ट सैल होते. मग रीतसर बंद करून एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) मागचं बटण बंद, केबल बाहेर, आणि पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरतो, म्हणजे कॅपॅसिटरमधली उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं झोपवतो. हे आळसाने टाळू नका. उभ्या कॅबिनेटमध्ये स्टेल्थचा चौथा स्क्रू सुटला की बोर्डामागची पट्टी धरायला काहीच उरत नाही, ती मागे घसरते आणि मग एक हात पुढे, एक हात मागे अशी कसरत सुरू होते.

आता रमतगमत बसू नका. पेस्ट कोमट आहे तोवरच हे काम सोपं आहे. पंख्याची वायर बोर्डावरून काढा; वायर ओढायची नाही, प्लॅस्टिकची गट्टी धरून काढायची. चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत, थोडे थोडे करून सैल करा. एक पूर्ण काढून मग दुसरा, असं नाही. त्याने कूलर तिरका होऊन एका कडेवर सगळा भार येतो. स्क्रू सुटले की कूलर दोन्ही हातांनी धरा आणि उचलू नका. बरणीचं झाकण फिरवतात तसा, पण अगदी इंचभर, डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे फिरवा. पहिल्यांदा तो हलणारच नाही असं वाटेल. जोर हळूहळू वाढवा, झटका देऊ नका. एका क्षणी हाताला कळतं: घट्टपणा जाऊन चिकट, मधासारखी सरक येते. तोवर वर उचलण्याचा विचारही मनात आणू नका. सरक आली की फिरवत फिरवत एका कडेने अलगद उचला.

हललाच नाही तर? अशी सिमेंट झालेली पेस्टही मी पाहिली आहे. तेव्हा कूलर नि प्रोसेसरच्या फटीत दात साफ करायचा दोरा घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढत न्या. हेअर ड्रायरने दुरून कूलर पुन्हा तापवला तरी चालतं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं मात्र नाही. त्याचं टोक सटकलं तर सरळ बोर्डाच्या तारांवर जातं.

आणि सगळं करूनही प्रोसेसर कूलरसकट बाहेर आलाच तर तिथल्या तिथे थांबा. पिना वर राहतील असा कूलर उलटा ठेवा. प्रोसेसर कडेने धरून, तसाच फिरवून किंवा दोऱ्याने सुटा करा. मग तो डोळ्यांच्या रेषेत धरून उजेडाकडे बघा. पिनांच्या रांगा शेतातल्या सऱ्यांसारख्या सरळ दिसायला हव्यात, उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंनी. एखादी वाकलेली असेल तर मेकॅनिकल पेन्सिलमधलं शिसं काढून तिचं पोकळ टोक पिनेवर चढवा आणि हळूच उभी करा. रांगच झुकली असेल तर पातळ प्लॅस्टिकचं कार्ड रांगांमधून फिरवा. एका दमात सरळ करायला जाऊ नका. थोडं, मग पुन्हा बघा, मग थोडं. मऊ धातू एकदा सरळ होतो, तीन-चारदा पुढे-मागे केला की तुटतो. तुमच्या बाबतीत सगळं ठीक झालं तर जुना प्रोसेसर परत लावायचा नाही, त्यामुळे त्याच्या पिना वाकल्या तरी नव्याचं काही अडत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. फक्त सॉकेटच्या भोकात तुटलेली पिन अडकली नाही ना, ते टॉर्च लावून पाहा.

नवा बसवणं

हा भाग इतका सोपा आहे की लोक तो अवघड करून ठेवतात. स्थितिज विजेची काळजी घ्या: गालिच्यावर उभं राहू नका, लोकरीचे कपडे नकोत, आणि प्रोसेसर हातात घेण्याआधी व मध्ये मध्ये कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. सुमारे ३००० व्होल्टच्या खालचा झटका आपल्याला जाणवतही नाही, चिपला मात्र त्याहून कितीतरी कमी पुरतो. मनगटाला बांधायचा पट्टा असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

सॉकेटचा खटका किंचित बाहेर ढकलून सरळ उभा करा, ९० अंशांपर्यंत. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण आहे, सॉकेटच्याही एका कोपऱ्यावर त्रिकोण आहे. दोन्ही एकाच कोपऱ्यात आणा, प्रोसेसर फक्त कडांना धरून सॉकेटवर ठेवा आणि सोडून द्या. स्वतःच्या वजनाने तो आत बसतो. बोटाने दाबावं लागत असेल तर काहीतरी चुकलंय: दिशा चुकली असेल, खटका पूर्ण उघडा नसेल, किंवा पिन वाकलेली असेल. उचला, बघा, परत ठेवा. चारही बाजूंनी सपाट बसला याची खात्री करून खटका खाली करा. त्या वेळी प्रोसेसर केसभर सरकतो आणि हाताला थोडा विरोध जाणवतो, तेवढं चालायचंच.

हे सगळं एएम४ बद्दल झालं. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे इंटेलचं एलजीए सॉकेट किंवा एएमडीचं एएम५ असेल तर गणित उलटं आहे. तिथे पिना बोर्डावर, सॉकेटमध्ये असतात, आणि वरून धातूची चौकट प्रोसेसरला दाबून धरते. त्यामुळे प्रोसेसर कूलरसोबत उपटून यायची भीती नाही, पण सॉकेट उघडं असताना त्यावर काही पडलं, बाही घासली, प्रोसेसर तिरका सुटला, तर वाकलेल्या पिना सरळ करणं जवळजवळ घड्याळजीचं काम आहे. तिथला खटका बंद करताना चांगलाच जोर लागतो, करकर आवाजही येतो, तो नेहमीचाच. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण खटका बंद करताना आपोआप उडतं. ते जपून ठेवा, वॉरंटीसाठी बोर्ड परत पाठवायची वेळ आली तर ते लागतं. जुना कूलर नव्या इंटेल बोर्डावर लावणार असाल तर एलजीए १७०० ची भोकं ७८ मिलिमीटरवर आहेत, त्याआधीच्या ११५x आणि १२०० ची ७५ वर. तीन मिलिमीटरचा फरक, पण वेगळी पट्टी लागतेच. आणि सॉकेटचं नाव सारखं म्हणजे प्रोसेसर चालणारच असंही नाही: सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट एलजीए ११५१ च होतं, पण सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही.

पेस्ट

जुना कूलर वापरणार असाल तर त्याचा तळ, आणि कुठल्याही परिस्थितीत प्रोसेसरचं झाकण, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. धागे न सुटणारं कापड किंवा कॉफी गाळायचा कागद यांनी पुसा. टिश्यू पेपरचे तंतू मागे राहतात. वाळेपर्यंत मिनिटभर थांबा, आणि मग त्यावर बोट फिरवू नका.

पेस्ट कशासाठी असते हे कळलं की किती लावायची हा प्रश्न आपोआप सुटतो. दोन्ही धातू आपल्याला गुळगुळीत दिसतात, पण बारकाईने पाहिलं तर त्यांच्यावर डोंगरदऱ्या आहेत. एकमेकांवर ठेवले की शिखरं टेकतात आणि दऱ्यांत हवा कोंडते. हवेची उष्णता वाहण्याची क्षमता साधारण ०.०२६ (वॅट प्रति मीटर-केल्विन) आहे, बऱ्या पेस्टची पाच-दहाच्या घरात, तांब्याची ४०० च्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट चांगली, पण तांब्यापुढे काहीच नाही. तिने फक्त दऱ्या भराव्यात, थर होऊन बसू नये.

एएम४ चं झाकण चौकोनी आहे. मधोमध मटाराच्या लहान दाण्याएवढा ठिपका, व्यास पाच मिलिमीटरच्या आसपास, आणि कूलरचा दाब तो पसरवेल. ५७००एक्सचे कोअर एका बाजूला आहेत म्हणून मी चार कोपऱ्यांत चार अगदी बारीक ठिपके जास्तीचे देतो. बोटाने पसरवू नका, त्यात हवेचे बुडबुडे राहतात आणि बोटाचं तेल लागतं. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येईल, पुसायला वैताग, पण साध्या पेस्टमधून वीज वाहत नाही म्हणून धोका नाही. कमी पडली तर मात्र तापमानात दिसते. एवढं सांगितल्यावर लिक्विड मेटलचा मोह होईल, नको. तो वीज वाहतो, आणि त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खाऊन टाकतं.

नव्या कूलरच्या तळाला पेस्ट आधीच लावलेली असेल तर वर आणखी लावू नका. आणि तळावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल तो काढा. हसू नका. "नवा कूलर लावला, तरी संगणक तापून बंद पडतो" म्हणून आलेल्या यंत्रांतून मी हा पापुद्रा किती वेळा सोलून काढलाय याचा हिशेब नाही.

आवळणं

टॉवर कूलरचा पंखा असा ठेवा की हवा मागच्या पंख्याकडे जाईल. बहुतेक पंख्यांच्या कडेला बाण असतो. नसेल तर चौकटीच्या जाळीची, स्टिकर असलेली बाजू म्हणजे हवा बाहेर पडायची बाजू.

कूलर एकदाच, सरळ वरून ठेवा. ठेवल्यावर उचलून "पेस्ट पसरली का" बघण्याची ऊर्मी सगळ्यांना येते. उचललात तर पुसून पुन्हा लावायची, कारण मध्ये हवा शिरते. चारही स्क्रू आधी बोटाने दोन-दोन आटे फिरवून अडकवा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत प्रत्येकी दीड-दोन फेरे, आलटून पालटून. स्प्रिंगच्या स्क्रूंना शेवटी टेकण आहे; तिथे पोचले की ते स्वतःच थांबतात. त्यापुढे जोर नको. आकड्याचा कूलर असेल तर आधी लांबची, बिनखटक्याची बाजू अडकवा, मग दुसरी. इंटेलचा जुना ढकल-पिनांचा कूलर असेल तर बाणाची दिशा मूळ जागी आहे ना बघून समोरासमोरच्या दोन पिना एकत्र टकटक दाबा आणि चारही काळी टोकं बोर्डाच्या मागून बाहेर दिसतात का ते पाहा.

पंख्याची वायर ज्या जागी सीपीयू फॅन असं लिहिलंय तिथेच लावा. शेजारच्या कॅबिनेट पंख्याच्या जागी लावली तर पंखा फिरेल, पण बोर्डाला तो दिसणार नाही आणि चालू होताच तक्रार करेल.

पहिला बूट

पडदा लगेच उजळला नाही तर पाच मिनिटं हात बांधून बसा. बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेत असतो, त्यात दोन-तीनदा स्वतःहून बंद-चालू होऊ शकतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे ना, हेही बघा. तुमच्या जुन्या किंवा नव्या, दोन्ही प्रोसेसरांत ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या पोर्टमधून काही येणार नाही. तरी अंधार असेल तर प्रोसेसरची आठ पिनांची वीजजोडणी, रॅमच्या पट्ट्या, आणि शेवटी सीएमओएस (बायोसच्या जपलेल्या सेटिंग) पुसून पाहणं, या क्रमाने जा.

एफटीपीएमचा संदेश आला की वर सांगितलंय तसं उत्तर द्या. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं नाव आणि तापमान पाहा, एक्सएमपी परत चालू करा. विंडोज आल्यावर एचडब्ल्यूइन्फोसारखा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडून सगळे कोअर दहा मिनिटं राबवा. काम नसताना ३५ ते ५० अंश आणि मधूनच एखादी उसळी, हे या प्रोसेसरचं नेहमीचं वागणं. पूर्ण ताणाखाली टॉवर कूलरवर ७०-८० च्या दरम्यान कुठेतरी स्थिरावलं तर काम झालं. तुमच्या खोलीचं तापमान आणि कॅबिनेटमधली हवा यांवर पाच-दहा अंश इकडेतिकडे. पण चढण्याचा वेग बघा. काही सेकंदांतच थेट ९० ला टेकलं तर कूलर नीट टेकलेला नाही: एक स्क्रू अर्धा राहिलाय, तिरका बसलाय, किंवा तो पापुद्रा. सावकाश, मिनिटामिनिटाने चढत ९० ला गेलं तर कूलर नीट बसलाय, फक्त तो लहान पडतोय किंवा कॅबिनेटमधून गरम हवा बाहेर जात नाहीये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसऱ्या परिस्थितीत पेस्ट पुन्हा लावण्यात वेळ घालवू नका.

सगळं ठीक असेल तर बिटलॉकर पुन्हा चालू करा. जुना २६०० पुसून नव्या प्रोसेसरच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा आणि निदान पंधरा दिवस विकू नका. नवा प्रोसेसर सदोष निघाला तर खोट त्याच्यात आहे की बोर्डात, हे सांगणारा तुमच्याकडे तोच एक साक्षीदार आहे.